गटाचा माणूस गटात राहावा काय?



गेल्या महिन्यात गट ऑफिसवर वजनाच्या पावत्या घ्यायला आम्ही पंधरा-वीस जण जमलो होतो. येत्या निवडणुकीचा विषय निघाला आणि एक तरुण सभासद तावातावाने म्हणाला, "आपल्या गटाचा संचालक गटातच राहणारा पाहिजे. पुण्यात फ्लॅट आणि इथं नुसती उसाची नोंद, असला माणूस नको. वार्षिक सभेत ठरावच टाकतो." त्यावर एक जुने सभासद, ज्यांना सगळे आबा म्हणतात, ते शांतपणे म्हणाले, "मग यशवंतराव नाशिकचे होते का रे बाळा?" पोरगं गप्प झालं. मीही काही बोललो नाही. घरी आल्यावर मात्र विचार सुरू झाला, आणि दोघांचंही म्हणणं निम्मं निम्मं खरं आहे असं वाटू लागलं. ठराव सभेपुढे येणार असेल तर हात वर करण्याआधी सभासदांनी नीट विचार केलेला बरा, म्हणून हे चार शब्द.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. ग्रामपंचायतीला उभे राहायचे तर त्याच गावच्या मतदार यादीत नाव लागते. विधानसभेला राज्यातल्या कोणत्याही मतदारसंघाच्या यादीत नाव असले की पुरते. लोकसभेच्या सर्वसाधारण जागेला तर देशात कुठेही मतदार असलेला माणूस उभा राहू शकतो. राज्यसभेसाठी पूर्वी त्या राज्याचा मतदार असण्याची अट होती. ती २००३ साली काढून टाकली आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केले. म्हणजे सभागृह गावापासून जितके लांब, तितकी राहण्याची अट सैल. हे उगीच झालेले नाही. गावचा पाणंद रस्ता कुठून काढावा हे गावात राहणाऱ्यालाच कळते. देशाच्या संरक्षणाचा निर्णय करायला मात्र उमेदवाराचे घर कोणत्या गल्लीत आहे याने काही फरक पडत नाही.

आबांचा मुद्दा हाच होता. यशवंतराव चव्हाण कऱ्हाडचे. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि १९६३ साली नाशिककरांनी त्यांना लोकसभेवर बिनविरोध पाठविले. कुणी त्यांना उपरे म्हटले नाही. प्रा. मधु दंडवते यांचा जन्म अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा, आणि प्राध्यापकी मुंबईत. पण कोकणातल्या राजापूर मतदारसंघाने त्यांना १९७१ ते १९८९ पर्यंत सलग पाच वेळा निवडून दिले, आणि कोकण रेल्वेसाठी त्यांनी केलेली खटपट कोकणी माणूस आजही विसरलेला नाही. पुण्याचे मधु लिमये बिहारमधल्या मुंगेर आणि बांका इथून निवडून आले. आंध्रचे नरसिंह राव १९८४ आणि १९८९ साली आपल्या विदर्भातल्या रामटेकचे खासदार होते. आणि सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे बाबासाहेब आंबेडकर. १९४६ साली ते घटना समितीवर प्रथम निवडून गेले ते मुंबईतून नव्हे, बंगालमधून. तिथे घरच पाहिजे असा हट्ट कुणी धरला असता तर काय झाले असते, याचा विचार आपणच करावा.

फार लांब कशाला, आपल्या साखर धंद्यातलेच उदाहरण घ्या. प्रवरानगरचा सहकारी कारखाना उभा राहिला तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष डॉ. धनंजयराव गाडगीळ होते. पुण्याच्या गोखले संस्थेचे संचालक, अर्थशास्त्राचे पंडित. ते काही लोणीच्या शिवारात राहणारे ऊस बागायतदार नव्हते. तरी शेतकऱ्यांनी त्यांना मानाने अध्यक्ष केले, कारण बँक, सरकार आणि भांडवल यांचे जे ज्ञान त्या वेळी गावात नव्हते, ते त्यांच्याकडे होते.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग झालं तर, ठराव फेटाळा. थांबा. दुसरी बाजूही ऐका, कारण ती मी स्वतः भोगली आहे.

दोन हंगामांपूर्वी आमच्या वस्तीजवळ विजेच्या तारा एकमेकींना लागून उसात ठिणगी पडली. दुपारची वेळ, वर वारा. तासाभरात तिघांचा ऊस जळाला, त्यात माझा खोडवाही होता. जळक्या उसाचं काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. रानात जितका उभा राहील तितकं वजन घटतं, उतारा पडतो, वर जळिताची कपात आहेच. तेव्हा टोळी लगेच हलली पाहिजे. टोळी होती पलीकडच्या मळ्यात. संचालकांना फोन लावला. ते पुण्याला. बोलले चांगले, "शेतकी अधिकाऱ्याला सांगतो" म्हणाले, आणि सांगितलंही. पण ज्याच्या पाळीत टोळी होती तो शेतकरी अडून बसला. "महिनाभर वाट बघून आज कोयता लागलाय, मी का थांबवू?" आता यात त्याचं तरी काय चुकलं? साहेबाच्या सांगण्यावरून तो ऐकणार नव्हता. गटातल्या चार माणसांना घेऊन त्याच्या बांधावर जायला पाहिजे होतं, "दादा, दोन दिवस दे, तुझी पाळी मी चुकू देत नाही" असा शब्द द्यायला पाहिजे होता. तो शब्द देणारं कुणी नव्हतं. टोळी चौथ्या दिवशी आली. काट्यावर वजन बघितलं आणि मी तसाच घरी आलो.

ते संचालक वाईट होते असे मी म्हणत नाही. मंडळाच्या सभेला ते नेमाने येत आणि हिशेबातले त्यांना चांगले कळत असे. तरुण मंडळी म्हणतात, आता फोनवर सगळं होतं. पुष्कळ होतं, हे कबूल. पण पाळी मागेपुढे करणं, टोळी आणि शेतकरी यांच्यातला तंटा मिटवणं, खुशालीच्या नावाखाली कोण किती पैसे मागतो ते डोळ्यांनी बघणं, ही कामं फोनवर होत नाहीत. खासदार दिल्लीत बसून कायदा करतो. गटाच्या संचालकाचं काम बांधावरचं आहे. म्हणून नाशिकला किंवा राजापूरला जे चाललं ते गटाला चालेलच असं नाही.

तेव्हा ठरावाच्या हेतूला माझा पाठिंबा आहे. शब्दांना मात्र नाही. "गटातच राहणारा" म्हणजे कोण? इथेच खरी गोम आहे. नुसता घराचा उतारा किंवा रेशन कार्ड मागाल तर पुण्याचा माणूस गावातल्या वाड्याला रंग देऊन आठ दिवसांत कागद आणील. राज्यसभेच्या जुन्या अटीचे हेच झाले होते. भाड्याची खोली दाखवून लोक परराज्याचे रहिवासी होत. म्हणून तर ती अट निरुपयोगी ठरली. मतदार यादीचा कायदा या बाबतीत शहाणा आहे. नुसते घर मालकीचे आहे एवढ्यावरून माणूस तिथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही, असे तो म्हणतो. आणि काही काळ बाहेर गेला म्हणून त्याचे रहिवासी असणे संपतही नाही, असेही म्हणतो. आपल्याकडे बीड-पाथर्डीकडून तोडणीला येणारी कुटुंबे चार-पाच महिने इथे कोपीत राहतात, तरी त्यांचे गाव तेच आणि मतही तिकडेच. तसेच आपला एखादा सभासद पोराच्या शिक्षणासाठी किंवा दवाखान्यासाठी चार महिने शहरात राहिला, तर त्याला परका ठरवू नये.

म्हणून माझी सूचना अशी की ठरावात पत्त्याऐवजी काम लिहावे. गटातून उभे राहणाऱ्याची शेती गटात असावी, ऊस आपल्या कारखान्याला येत असावा, आणि गळीत हंगामात त्याचा मुक्काम गटात असावा. हंगामात आठवड्यातून एक ठरलेला दिवस त्याने गट ऑफिसात बसावे. किती दिवस बसला, मंडळाच्या किती सभांना हजर होता, हे याच पत्रिकेत दर तीन महिन्यांनी छापावे. पत्त्याचा कागद खोटा करता येतो, पण गट ऑफिसची रिकामी खुर्ची सगळा गट बघत असतो.

आता गाडगीळांसारख्या माणसाचे काय? त्यांना दार बंद करायचे काय? मुळीच नाही. २०१३ साली सहकार कायद्यात दुरुस्ती झाली, तीत २१ संचालकांची मर्यादा घालतानाच त्याखेरीज दोन तज्ज्ञ संचालक घेण्याची सोय ठेवली आहे. इथेनॉल, वीजनिर्मिती, कर्जफेड यातले जाणकार तिथे खुशाल बाहेरून आणावेत. ते पुण्यात राहोत की मुंबईत, आपली तक्रार नाही. प्रवरेला गाडगीळ होते हे खरे, पण त्यांच्या बरोबर लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील होते, ज्यांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांकडून भाग गोळा केले. कारखाना उभा राहायला दोघेही लागले. आपली चूक अशी होते की गाडगीळांचे नाव सांगून विखे पाटलांच्या जागेवर शहरातला माणूस बसवतो, आणि तो धड पंडितही नसतो.

शेवटी एक गोष्ट आपल्याकडे बोट दाखवून सांगतो. बाहेर राहणारा माणूस निवडून येतो तो आपल्याच मतांनी. पॅनेल कुणाचं, पाहुणा कुणाचा, एवढंच बघून आपण शिक्का मारतो, आणि ऊस जळाला की "साहेब कुठं आहेत" म्हणून विचारतो. यंदा मत मागायला कुणी दारात आला तर त्याला चहा जरूर द्या, आणि एवढंच विचारा: "जानेवारीत रात्री दहा वाजता माझा ऊस पेटला, तर तुम्ही किती वेळात पोहोचाल?" त्याच्या उत्तरावरून काय ते ठरवा. ठराव पास होवो न होवो, हा प्रश्न विचारायला कुणाची मंजुरी लागत नाही.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद