सोडला तरी न सुटणारा ब्रेक

एकत्र कुटुंबांत जशीं पितळी भांडीं, तशीच आतां मोटारसायकलहि वडिलोपार्जित वस्तु होऊं लागली आहे. थोरल्या भावानें नोकरीच्या पहिल्या वर्षीं घेतलेली गाडी धाकट्याकडे येते, त्याच्याकडून पुतण्याकडे जाते, आणि शेवटीं ती घरांत कोणा एकाची न राहतां सर्वांची होते. भाजी आणणें, मुलांस शिकवणीस पोंचविणें, आजोबांना दवाखान्यांत नेणें, हीं सारीं कामें तिच्यावर होतात. परंतु तिची निगा राखण्याचें काम मात्र कोणाकडेच नसतें. अशा जुन्या गाड्यांचा एक दोष आमच्या किनवटांत वारंवार पाहण्यांत येतो. पुढील चाकाचा डिस्क ब्रेक एकदां आवळला कीं लीव्हर सोडल्यावरहि तो सुटत नाहीं. कारागीर ह्यास ‘ब्रेक जाम झाला’ असें म्हणतात. ह्या महिन्यांत त्याचाच विचार करूं.

दोष वरून लहान दिसतो. गाडी जरा जड चालते, पेट्रोल थोडें अधिक जातें, एवढेंच घरच्यांच्या ध्यानांत येतें. खरें संकट पुढें असतें. पॅड डिस्कला सतत घासत राहिले म्हणजे उष्णता उत्पन्न होते. ती पिस्टनमधून आंतील ब्रेक ऑइलला पोंचते. ऑइल तापून प्रसरण पावतें आणि ब्रेक आणखी आवळतो. आवळल्यामुळें आणखी तापतो. हें चक्र वाढत गेलें तर चाक भर रस्त्यांत अडकूं शकतें. अथवा ऑइल जुनें व पाणी शोषलेलें असेल तर तें उकळतें, त्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते म्हणून लीव्हर पोकळ होऊन मुठीला टेकतो. म्हणजे जो ब्रेक सुटत नव्हता, तोच ऐन वेळीं धरीनासा होतो. किनवटाहून सुमारें ५० किलोमीटरवरील माहूरास रेणुकादेवीच्या दर्शनासाठीं मुलगा, सून व कडेवरचें मूल एका गाडीवर निघतात. गड उतरतांना हा प्रसंग आला तर काय होईल, हें निराळें सांगावयास नको.

ह्यावर कित्येक जण एक सोपा उपाय योजितात. पुढील ब्रेक मोकळा करून ठेवावयाचा आणि केवळ मागील ब्रेकवर गाडी चालवावयाची! ‘पुढचा ब्रेक लावला कीं गाडी उलटते’ ही समजूत त्यांच्या साह्यास येते. परंतु ती अर्धसत्य आहे. गाडी थांबूं लागली कीं तिचा भार पुढील चाकावर येतो व मागील चाक हलकें होतें. हलकें चाक रस्त्यास घट्ट धरूं शकत नाहीं. तें लवकर घसरतें. म्हणून गाडी थांबविण्याच्या कामाचा मोठा वांटा पुढील ब्रेककडेच असतो. वाळूवर, चिखलांत किंवा वळणावर तो एकदम दाबणें धोक्याचें, हें खरें; पण त्याचें औषध हलक्या हातानें ब्रेक लावण्यास शिकणें हें आहे, ब्रेक काढून टाकणें हें नव्हे.

आतां ह्या यंत्राचें मर्म पाहूं. डिस्क ब्रेकची कल्पना नवी नाहीं. फ्रेडरिक लँचेस्टर नांवाच्या इंग्रज अभियंत्यानें तिचें पेटंट १९०२ मध्यें घेतलें होतें. मोटारसायकलींत ती सर्वत्र रूढ होण्यास होंडाच्या १९६९ मधील सीबी ७५० ह्या गाडीनें मोठी चालना दिली. आपल्याकडे सामान्य घरांत अशा गाड्या शिरल्या त्या हीरो होंडाच्या १९९९ मधील सीबीझेड व बजाजच्या २००१ मधील पल्सर ह्यांच्यापासून. बजाजचा एक मोठा कारखाना आपल्या मराठवाड्यांतच, छत्रपति संभाजीनगराजवळ वाळूज येथें आहे. तेव्हां ही विद्या परकी मानण्याचें कारण नाहीं.

तिचा मूळ नियम फ्रेंच पंडित पास्कल ह्यानें सतराव्या शतकांत सांगितला. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व बाजूंस सारखाच पोंचतो. मुठीजवळील मास्टर सिलिंडरचा पिस्टन १२ मिलिमीटर व्यासाचा आणि चाकाजवळील कॅलिपरचा पिस्टन ३० मिलिमीटर व्यासाचा आहे असें समजूं. व्यासांचें प्रमाण अडीच पट, म्हणून क्षेत्रफळाचें प्रमाण सव्वासहा पट. वरच्या पिस्टनवर पडलेला जोर खालीं सव्वासहा पट होऊन पॅडवर पडतो. चार बोटांनीं तीन माणसांचा भार थांबतो तो असा.

आवळण्याची क्रिया जोराची. सुटण्याची मात्र फारच नाजूक. पुष्कळांना वाटतें कीं पॅड मागें ओढणारी एखादी स्प्रिंग आंत असावी. तशी कांहीं नसते. कॅलिपरच्या पिस्टनभोंवतीं चौकोनी छेदाचें एक रबरी कडें, म्हणजे सील, एका खांचेंत बसविलेलें असतें. ब्रेक दाबतांना पिस्टन पुढें सरकतो व तें कडें त्याच्यासह किंचित् पिळवटतें. दाब गेला कीं कडें पूर्ववत् होतें आणि पिस्टनला आपल्याबरोबर मागें आणतें. हें मागें येणें मिलिमीटरच्या अल्प अंशाइतकेंच असतें. पण तेवढ्यानें चाक मोकळें होतें. दाब जाण्यासाठीं मात्र मास्टर सिलिंडरमध्यें सुईच्या टोंकाएवढें एक छिद्र असतें. त्यांतून जास्तीचें ऑइल वरच्या टाकींत परततें. एक रबरी कडें आणि एक सूक्ष्म छिद्र, ह्या दोहोंवर सारें सुटणें अवलंबून आहे.

प्रथम दोष आहे कीं नाहीं हें ठरवावें. गाडी मधल्या स्टँडवर उभी करून एकानें मागून दाबून धरली म्हणजे पुढील चाक अधांतरीं येतें. ब्रेक दाबून सोडावा आणि चाक हातानें फिरवावें. हलकी खरखर होत तें एक-दोन फेरे फिरलें तर तें स्वाभाविक आहे. ढकलूनहि अडत असेल तर दोष आहे. दुसरी परीक्षा गृहिणींच्या परिचयाची आहे. पुढील ब्रेक न वापरतां दोन-तीन किलोमीटर जाऊन यावें व डिस्कवर पाण्याचा शिंतोडा टाकावा. तापल्या तव्यावर उडावा तसा तो चर्र करून उडाला तर ब्रेक घासत आहे असें समजावें. डिस्कला हात लावून पाहूं नये, बोट भाजतें.

दोषाचें स्थान शोधण्यास आपल्या नैयायिकांची अन्वय-व्यतिरेकाची पद्धति उत्तम उपयोगी पडते. कारण असतां कार्य असतें आणि कारण नसतां कार्य नसतें, हें पडताळून पाहणें म्हणजेच ती पद्धति. येथें संशयित कारण ‘आंत कोंडलेला दाब’ हें आहे. तें दूर करून पाहावें. कॅलिपरवरील निपलला एक पारदर्शक नळी लावून तिचें दुसरें टोंक बाटलींत सोडावें आणि चाक आवळलेलें असतांना निपल अर्धा फेरा सैल करावें. थोडें ऑइल बाहेर येऊन चाक मोकळें झालें तर दाब कोंडला होता हें सिद्ध झालें. निपल उघडूनहि चाक तसेंच अडलें तर दाब निर्दोष. पिस्टन गंजला आहे अथवा कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या सुकल्या आहेत.

दाब कोंडला असेल तर तो कोठें, हेंहि त्याच न्यायानें कळतें. निपल आवळून ब्रेक पुन्हां दाबावा, आणि आतां मास्टर सिलिंडरपाशीं होस पाइप जोडणारा बोल्ट किंचित् सैल करावा. खालीं चिंधी धरावी. येथें चाक सुटलें तर दोष मास्टर सिलिंडरमध्यें आहे. येथें सुटलें नाहीं, पण खालचें निपल उघडतांच सुटतें, तर मधला होस पाइप आंतून फुगला आहे. तो ऑइल जाऊं देतो, येऊं देत नाहीं. असा पाइप दुरुस्त होत नाहीं, नवाच घालावा.

मास्टर सिलिंडरचा दोष निघाला तर खोलण्यापूर्वीं दोन साध्या गोष्टी पाहाव्या. गाडी पडून लीव्हर वांकला असेल, किंवा दुसऱ्याच गाडीचा लीव्हर बसविला असेल, तर तो पिस्टनला सदैव थोडा दाबून ठेवतो व तें परतीचें छिद्र झांकलें जातें. सोडलेल्या लीव्हरला आरंभीं किंचित् मोकळी चाल असलीच पाहिजे. तसेंच टाकी कांठोकांठ भरलेली नसावी; तापलेल्या ऑइलला वर येण्यास जागा हवी. हें ठीक असूनहि दोष राहिला तर छिद्रांत जुन्या ऑइलचा गाळ बसला आहे. झाकण काढून, मऊ तांब्याच्या तारेच्या एका बारीक धाग्यानें तें हलक्या हातानें मोकळें करावें. आंतील रबर फुगलें असेल तर किट बदलावें.

जुन्या गाडींत बहुधा आढळणारा दोष कॅलिपरमध्यें असतो. कॅलिपर डिस्कवरून काढून, पॅड बाजूस ठेवून, लीव्हर हळूहळू दाबला म्हणजे पिस्टन आपण होऊन बाहेर येतो. त्यापुढें लांकडाचा तुकडा धरावा. वाऱ्याच्या पंपानें तो उडवूं नये. गोळीसारखा सुटून बोटें चेंचतात. पिस्टन पुसून पाहावा. त्याच्या चकाकत्या थरावर खड्डे पडले असतील तर नवा घालावा. पॉलिश-कागदानें घासून तो थर घालविणें म्हणजे दोषास पुढील वर्षाचें आमंत्रण देणें होय. नंतर सील काढावें आणि त्यामागील खांच नीट न्याहाळावी. पुष्कळदां सारें रहस्य येथेंच सांपडतें. पावसाळ्याच्या ओलीनें ॲल्युमिनिअमवर पांढरी भुकटी जमते. ती सीलला मागून रेटते आणि तें पिस्टनला इतकें घट्ट पकडतें कीं त्यास मागें येणें अशक्य होतें. बांबूच्या टोंकदार काडीनें ती भुकटी खरवडून काढावी. खांचेस ओरखडा पडूं देऊं नये. सील नवें घालावें व तें स्वच्छ ब्रेक ऑइलनें ओलें करून बसवावें. पिना पुसून त्यांना सिलिकोन ग्रीस लावावें.

येथें एक निषेध आवर्जून सांगतों. ब्रेकच्या रबरास इंजिन ऑइल, रॉकेल, साधें ग्रीस वा घरांतील खोबरेल कदापि लावूं नये. त्यांनीं हें रबर फुगतें, आणि ज्या रोगासाठीं औषध केलें तोच बळावतो. टाकींत ऑइल घालावयाचें तें झाकणावर लिहिलेल्या वर्गाचेंच, बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४. नवें डॉट ४ निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाहीं. पाणी शोषल्यावर मात्र त्याची मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरूं शकते. हवेंतील ओल शोषणें हा त्याचा स्वभावच आहे. म्हणून उघडी राहिलेली अर्धी बाटली वर्षभर जपून वापरूं नये, आणि गाडींतील ऑइल दर दोन वर्षांनीं बदलावें. तें रंगावर सांडलें तर तत्काळ पाण्यानें धुवावें.

जोडणी झाल्यावर हवा काढावी. टाकी भरावी, लीव्हर दाबून धरावा, निपल उघडून लगेच आवळावें, मग लीव्हर सोडावा. बुडबुडे थांबेपर्यंत हें चालवावें व टाकी रिकामी होऊं देऊं नये. हें दोघांचें काम आहे. काका-पुतण्यांनीं मिळून करावें. लीव्हर टणक लागल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊं नये, आणि पहिला फेरा मोकळ्या जागेंत हळूच घ्यावा. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचें झालें आहे. अशा गाडीची जोडणी निराळी, ती कारखान्यांतच न्यावी. ज्यानें पूर्वीं कधीं पाना धरला नाहीं त्यानेंहि पहिल्या वेळीं जाणत्या कारागिराजवळ बसून काम पाहावें. त्याचें ज्ञान आपल्या पदवीपेक्षां ह्या प्रसंगीं श्रेष्ठ आहे हें मनापासून मानावें आणि मोबदला देतांना घासाघीस करूं नये.

आपल्या घरांतून अद्याप एक भाव आढळतो कीं काळे हात होणें हें शिकलेल्याचें काम नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक होते. त्यांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ मध्यें बेळगांवच्या सायकलच्या दुकानांतून झाला आणि १९१० मध्यें किर्लोस्करवाडी वसली. त्यांच्या हातांस लागलेल्या तेलानें महाराष्ट्राची प्रतिष्ठा वाढलीच. आपणांस कारखाना काढावयाचा नाहीं. घरच्या माणसांना सुखरूप घरीं आणावयाचें आहे.

तेव्हां वाचकहो, ह्या महिन्यांत एवढें करावें. घरांतील एका मुलाकडे वा मुलीकडे गाडीची निगा नांवानिशीं सोंपवावी, ब्रेक ऑइल बदलल्याची तारीख स्वयंपाकघरांतील दिनदर्शिकेवर लिहावी, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं पुढील चाक उचलून एकदां हातानें फिरवून पाहावें. ह्यास पांच मिनिटांहून अधिक लागत नाहींत.