खंडेनवमीचे देणे

आश्विन शुद्ध नवमीच्या, म्हणजे खंडेनवमीच्या सकाळी आपल्या कारखान्यांत वेगळीच वर्दळ असते. भोसरीतल्या लहानशा शेडपासून चाकणच्या विस्तीर्ण प्रकल्पांपर्यंत, इचलकरंजीच्या मागांपासून शिरोलीच्या फाउंड्रीपर्यंत, सातपूर-अंबडपासून वाळूजपर्यंत वर्षभर फिरणारी चाके काही तास विसावतात. लेथचा बेड पुसून लखलखीत होतो, स्पिंडलला झेंडूची माळ पडते, कंट्रोल पॅनेलवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, व्हर्निअर आणि मायक्रोमीटर स्वच्छ फडक्यावर मांडले जातात, आणि मालकापासून हेल्परपर्यंत सारे हात जोडून उभे राहतात. ज्याच्या जोरावर आपली भाकरी चालते त्याच्यापुढे वर्षातून एकदा नम्र व्हायचे, ही आपली जुनी रीत. शेतकरी नांगर पुजतो, सुतार करवत पुजतो, तशीच कारखानदारीही आपल्या हत्याराला फूल वाहते.

यंदा त्या पूजेच्या रांगेत रोबोचे हातही आहेत, बेअरिंगची थरथर मोजणारे सेन्सर आहेत, आणि कोणता जॉब किती मिनिटांत उतरला हे क्षणोक्षणी सांगणारे पडदेही आहेत. जर्मनीत हॅनोव्हरच्या औद्योगिक मेळ्यात २०११ साली ‘इंडस्ट्री ४.०’ हे नाव पुढे आले, तेव्हा साऱ्या जगाचे डोळे यंत्रांच्या आपापसातल्या संवादाकडे लागले होते. पुढे दहा वर्षांनी, २०२१च्या जानेवारीत, युरोपीय आयोगाने ‘इंडस्ट्री ५.०’ची मांडणी केली आणि तीन गोष्टी मध्यभागी आणल्या: माणूस, पर्यावरण आणि संकटातही तग धरण्याची ताकद. यंत्रे पुरेशी हुशार झाल्यावर जगाला पुन्हा माणसाची आठवण व्हावी, यात आपल्यासाठीही विचार करण्याजोगे पुष्कळ आहे.

कारण माणसाला केंद्रस्थानी ठेवण्याचा आग्रह आपल्या मातीला नवा नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले आणि १८९०च्या जूनमध्ये रविवारची सुटी मिळवून दिली. आज आपण ज्या निवांत रविवारला गृहीत धरतो, तो त्यांच्या चिकाटीचे फळ आहे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामाचे तास कमी करण्याचा पाठपुरावा केला, आणि १९४६च्या कायदादुरुस्तीने बारमाही कारखान्यांत आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आली. औंध संस्थानातल्या माळरानावर १९१०मध्ये किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखान्याबरोबर कामगारांची वस्तीही उभी केली. यंत्र आणि यंत्र चालवणारा यांचा विचार एकत्रच करायचा असतो, हे या सगळ्यांनी आपापल्या परीने सांगून ठेवले आहे.

ते आज किती पाळले जाते, हे पाहायचे तर एखाद्या प्रेसशॉपमध्ये जावे. पत्रा डायमध्ये ठेवायचा, पेडल दाबायचे, फटका पडला की जॉब काढायचा, आणि हेच पाळीभर हजारो वेळा करायचे. जुन्या पिन-क्लच प्रेसचा फटका एकदा सुटला की मध्येच थांबत नाही, मग हात आत असो वा नसो. नव्या प्रेसपुढे अदृश्य किरणांचा पडदा लावता येतो. बोट त्यात शिरताच वरचा स्लाइड जागीच थांबतो. दोन्ही हातांनी दोन बटणे एकदम दाबल्याशिवाय फटका पडणारच नाही, अशीही सोय असते. हे तंत्रज्ञान आज बाजारात मिळते, आणि लहान उद्योजकालाही हळूहळू परवडू लागले आहे. तरीही कुठे जुनेच यंत्र रेटले जाते, कुठे उत्पादनाची घाई झाली की सेन्सर बायपास केला जातो, आणि गेलेले बोट बहुधा कंत्राटी कामगाराचे असते. हुशार कारखान्याची सुरुवात इथून व्हायला हवी. कामगाराचे दहा बोटांचे हात संध्याकाळी जसेच्या तसे घरी जातात का, ही त्याची पहिली परीक्षा आहे.

दुसरी परीक्षा ज्ञानाची. स्पिंडलचा सूर किंचित बदलला की जुना टर्नर मान वर करतो. टूलची धार गेली आहे की बेअरिंग कुरकुरते आहे, हे त्याचा कान त्याला सांगतो. आजचा कंपन मोजणारा सेन्सर तेच ऐकतो, पण त्याचे आकडे वाचून कोणता आवाज साधा आणि कोणता धोक्याचा हे ठरवायला पहिल्यांदा त्या कानाचीच मदत लागते. ज्याच्या अनुभवातून यंत्र शहाणे झाले, त्यालाच यंत्रापुढे अडाणी ठरवून बाजूला सारणे हा कृतघ्नपणा होईल. त्याला पडद्यावरचे आलेख वाचायला, रोबोला नवी हालचाल शिकवायला, छोटा बिघाड स्वतः शोधायला शिकवले, तर हातातले कौशल्य त्याच्या डोक्यात आणि पगारातही चढेल. आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना जुन्या लेथबरोबर सीएनसी आणि सेन्सरही हाताळायला मिळायला हवेत. जड वजन उचलण्याचे काम यंत्राने घेतल्यावर असेंब्ली लाइनची दारे मुलींसाठी उघडू लागली आहेत. त्या दारांतून त्या पुढे सुपरवायझरच्या टेबलापर्यंत पोहोचाव्यात, हे पाहणे आपले काम आहे.

आणि तिसरी परीक्षा निसर्गाची. एरवी खडखडाटात न कळणारी एक गोष्ट खंडेनवमीच्या शांततेत ऐकू येते: हवेच्या पाइपांतून, जोडांतून, झिजलेल्या नळ्यांतून येणारी बारीक फुसफुस. कॉम्प्रेसरने वीज खाऊन दाबलेल्या हवेपैकी वीस-तीस टक्के हवा अशा गळतीत जाणे कारखान्यांत सर्रास आढळते. ती गळती महागडे मीटर दाखवतीलच, पण कोणता जोड कधीपासून सैल आहे हे त्या मशिनवरच्या माणसाला आधीपासून ठाऊक असते. त्याला कोणी विचारलेले नसते, इतकेच. फाउंड्रीत चौदाशे अंशांच्या आसपास तापलेले लोखंड ओतणाऱ्यालाच ठाऊक असते की भट्टीचे झाकण विनाकारण किती वेळ उघडे राहते. वापरलेली वाळू शुद्ध करून पुन्हा साच्यात घेणे, पंचगंगा नदीत जाणारे सांडपाणी आधी स्वच्छ करणे, छपरावरच्या उन्हातून वीज घेणे या वाटा आता परिचयाच्या आहेत. युरोपने २०२६पासून आयात लोखंड-पोलादातल्या कार्बनचा हिशेब दामाशी जोडल्याने निर्यातदारांना या वाटांवरून जावेच लागेल. पण कोणाच्या वटारलेल्या डोळ्यांच्या धाकापेक्षा, ज्या नदीचे पाणी आपण पितो तिच्याविषयीच्या जबाबदारीने ही वाट धरली तर ती अधिक शोभेल.

बदल आला आणि माणसाचा हिशेब मांडायचा राहून गेला, तर काय होते हे मुंबईच्या गिरणगावाने पाहिले आहे. १९८२च्या जानेवारीत सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर लाखावर घरांचा आधार गेला. जुनी यंत्रे कालबाह्य झाली आणि ती चालवणाऱ्यांना नवे काही शिकवण्याची जबाबदारी कोणीच घेतली नाही. जमिनींची किंमत झाली, कसबाची झाली नाही. ते पुन्हा घडू नये, एवढी समज आपल्याला एका पिढीच्या होरपळीतून आलेली असावी.

म्हणून उद्योजकांनो, येत्या वर्षी नव्या यंत्राची रक्कम मांडाल तेव्हा तिच्या शेजारी ते चालवणाऱ्याच्या शिक्षणाची आणि सुरक्षेची रक्कमही लिहा, आणि त्या यादीत कंत्राटी कामगाराचे नाव गाळू नका. कामगार बंधू-भगिनींनो, नव्या विद्येला भिऊ नका, ती हक्काने मागा. शासनाने आयटीआयची कार्यशाळा उद्याच्या कारखान्याइतकी सज्ज करावी, आणि आपण ग्राहकांनीही वस्तूच्या किमतीबरोबर ती कोणाच्या हातून, कशी घडली हे विचारावे.