ओले धान्य वर ठेवा

मामूंचा फोन आला की मला आधी वाटते, कारखान्यातला प्रिंटर पुन्हा अडला. त्या दिवशी आवाज वेगळा होता. "साब आरे बोलके फोन आया. तू जल्दी आ." मी सुट्टीवर सोलापुरातच होतो. पोहोचलो तेव्हा निम्मे माग बंद होते, चार कामगारांना चहाच्या नावाखाली बाहेर पिटाळले होते आणि मामेभाऊ हजेरीच्या रजिस्टरात मागच्या तीन महिन्यांचे रकाने भरत बसला होता. संशय नको म्हणून दोन वेगवेगळ्या पेनांनी. माझ्या वाट्याला आले सेफ्टी ट्रेनिंगच्या जुन्या तारखांच्या प्रमाणपत्रांचे काम.

मी ती तयार केली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहितोय ते साळसूदपणे लिहीत नाही. आमच्या एसी ऑफिसातही ऑडिटच्या आदल्या रात्री असेच काहीबाही चालते. फक्त तिथे कोणाची बोटे जात नाहीत.

साहेब त्या दिवशी आलेच नाहीत. चार तास सहा माणसे धावत होती, पण मागच्या दाराला टेकून छतापर्यंत रचलेल्या टॉवेलच्या गाठी हलवायचे कोणाला सुचले नाही. मलाही नाही.

पुढे 18 मे 2025 च्या पहाटे अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्याला आग लागली. आठ जण गेले. त्यात मालक होते, त्यांच्या घरची माणसे होती, एक तान्हे मूल होते, कामगार होते. त्या घराकडे बोट दाखवण्याची माझी नियत नाही. पण ती बातमी वाचताना मला आमच्या गाठी आठवल्या. तपासणी म्हणजे मालकाविरुद्ध काहीतरी, असे आपण धरून चालतो. आग लागते तेव्हा मालक आतच असू शकतो.

मदिनेच्या बाजारातला प्रसंग आपण सगळ्यांनी जुम्याच्या बयानात ऐकलाय. पैगंबर (स.) धान्याच्या ढिगात हात घालतात, बोटांना ओल लागते. विक्रेता सांगतो, पावसात भिजले. मग ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, अशी विचारणा होते. हा प्रसंग नेहमी भेसळीसाठी सांगितला जातो. मला त्यात तपासणी दिसते. पाऊस पडणे त्या माणसाच्या हातात नव्हते. ओले धान्य खाली दडवणे मात्र त्याचेच काम होते.

कागद पूर्ण असले म्हणजे झाले, असे मानणाऱ्यांनी कराची आठवावी. 11 सप्टेंबर 2012 ला तिथल्या बलदिया टाऊनमधला कपड्यांचा कारखाना जळाला आणि अडीचशेहून जास्त कामगार गेले. आग खंडणीसाठी लावली होती, असा निकाल पुढे न्यायालयाने दिला. पण माणसांना बाहेर पडता आले नाही ते कुलूपबंद दारांमुळे आणि खिडक्यांच्या गजांमुळे. त्याच कारखान्याला काही आठवड्यांपूर्वी एसए 8000 हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले होते.

तर साहेब आले की ओळखपत्र बघा, वेळ लिहून ठेवा आणि आत घ्या. अडवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. 1948 च्या कारखाने अधिनियमात होता, नव्या संहितेतही आहे. सोबत ज्याला माग कळतो असा माणूस द्या, जॉबर किंवा वायरमन. कन्सल्टंटला फोन जरूर करा, पण तो येईपर्यंत साहेबांना ऑफिसात काजू खिलवत बसवू नका. रजिस्टर अर्धवट असेल तर अर्धवटच दाखवा. मागच्या तारखेने भरलेला रकाना अपघातानंतर मालकाच्याच अंगाशी येतो, कारण ज्याची हजेरी लावली तो नेमका त्या दिवशी गावी उरसाला गेलेला असतो. साहेब कामगाराशी एकट्याने बोलतो म्हणाले तर तिथून बाजूला व्हा. लगेच होण्यासारखे काम त्यांच्यासमोरच करा: दार मोकळे करा, उघडी वायर काढा, धोक्याचा माग थांबवा. बाकीच्याची तारीख लेखी द्या आणि पाळा. शेरे लेखी मागा, फोटो तुम्हीही काढा. शेरा चुकीचा वाटला तर लेखी हरकत घ्या, अपील करा.

मोहल्ल्यात हे बोलले की पहिले उत्तर येते, "आपल्याच कारखान्यांवर येतात." ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पुण्यात भाड्याचे घर शोधताना नाव सांगितल्यावर काय होते, ते मी पाहिलेय. पण पाकीट देऊन मिळणाऱ्या सुटकेची पावती नसते, आणि पुढच्या वर्षी तेच पाकीट जाड करावे लागते. लेखी शेरा, त्याचे उत्तर, फोटो, पोच हे सगळे ज्याच्याकडे आहे त्याला पक्षपात झालाच तर दाखवायला काहीतरी असते. पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 क्रमांक आहे. ज्याचे मागचे दार गाठींनी बंद आहे तो हा नंबर फिरवत नाही, हे मागणाऱ्यालाही ठाऊक असते.

दुसरे उत्तर, "कामगार घरचेच आहेत, नोंदी कशाला?" घरचे असतील तर त्यांचे नाव ईएसआयमध्ये हवे. दहा कामगार झाले की नोंदणी आली, आणि महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेला प्रत्येक जण त्यात येतो. ती नसेल तर बोटे गमावलेल्या माणसासाठी जुम्यानंतर चादर फिरते आणि तिच्यात पहिली नोट मालकच टाकतो.

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या संहितेत विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी वीस कामगारांची मर्यादा आहे. म्हणून एका छपराखाली भावाच्या, भावजयीच्या आणि मेव्हण्याच्या नावाने तीन कारखाने दाखवायचे. त्यांच्यामधल्या भिंती कागदावर आहेत, धुराला त्या लागत नाहीत. हे ऑनलाइन अर्ज हल्ली भरतो कोण? शिकलेली मुले, भाचे, पुतणे. म्हणजे आपणच.

मामूंकडे साहेब खरोखर आले ते पुढे काही महिन्यांनी. गाठी तोवर हलल्या होत्या, रजिस्टर अर्धवटच होते. जॉबरने मामूंच्या देखत सांगून टाकले की रात्रपाळीत दोन मागांच्या पट्ट्यावरची जाळी काढून ठेवतात. मामू दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी वेल्डर बोलावून जाळ्या पक्क्या करून घेतल्या, आणि बिलावर सही जॉबरला करायला लावली.