संकल्पापेक्षा आरसा बरा

१ जानेवारीला ‘आजपासून खर्रा बंद’ म्हणणारे तेल्हाऱ्यातही कमी नाहीत. महिनाभरात पुडी परत खिशात येते. मग ‘आपल्याच्यानं होत नाही’ म्हणून माणूस प्रयत्नच सोडतो. खरं नुकसान इथं आहे.

तथागतांनी राहुलला आरशाचं उदाहरण दिलं: कृती करण्याआधी, करताना आणि केल्यावर तपास, यानं मला किंवा दुसऱ्याला त्रास होतो का? पंचशीलही आपण एकदाच नाही, प्रत्येक वंदनेत घेतो.

तसंच रोज झोपताना पाहा: आज किती पुड्या झाल्या? तलफ थकव्यानं आली की रिकामपणानं? स्वतःला शिव्या देऊ नका. उद्या एक कमी करा. तोंड पूर्ण उघडत नसेल, पांढरा-लाल चट्टा दिसला, तर मात्र लगेच सरकारी दवाखान्यात दाखवा.