म्हणे, घरात काय ते करा!

परवा एका लग्नात आमचे एक भावजी म्हणाले, "कोर्टानं कायदा बदलला ना आता? मग हे समलिंगी लोक झेंडे घेऊन रस्त्यावर कशाला येतात? घरात काय ते करा की!" जेवणाच्या पंगतीत वाद घालू नये ही आमच्या आईची शिकवण, म्हणून तिथे गप्प बसले. इथे बसणार नाही. भावजी, तुम्ही हे वाचता हे मला ठाऊक आहे. राग मानू नका.

कोर्टाला काही एका सकाळी साक्षात्कार झाला नाही हो. ३७७ कलम १८६० सालचं, इंग्रजांनी लादलेलं. शिक्षा जन्मठेपेपर्यंत. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्यातून या लोकांना मोकळं केलं, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला, आणि शेवटी ६ सप्टेंबर २०१८ ला सुटका झाली. मुंबईतला पहिला मोठा मोर्चा, 'क्वीअर आझादी मार्च', निघाला तो १६ ऑगस्ट २००८ ला. म्हणजे यातलं काहीही पदरात पडलेलं नसताना!

तारीख बघा, स्वातंत्र्यदिनाचा दुसरा दिवस. जागा बघा, ऑगस्ट क्रांती मैदान. जिथून १९४२ साली इंग्रजांना 'चले जाव' सांगितलं तिथून ही मंडळी गिरगाव चौपाटीपर्यंत चालत गेली, आणि या कायद्याबद्दल ब्रिटिश सरकारनं माफी मागावी असंही त्यांचं म्हणणं होतं. याला पाश्चात्त्यांचं फॅड म्हणायचं? परदेशी होता तो कायदा! आपल्याकडे र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य'मध्ये वाचकांच्या असल्या प्रश्नांना सरळ उत्तरं देत होते. त्यावरून १९३४ साली खटला झाला, तेव्हा त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. (हे शाळेत कोणी शिकवत नाही. असो.)

सुरुवातीच्या त्या मोर्चांत कित्येकजण मुखवटे लावून चालत. त्यावरही लोक हसले. एवढा अभिमान आहे तर तोंड का लपवता म्हणे! अहो, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला की नोकरी जाणार, घरमालक खोली सोडायला सांगणार, आणि गावाकडे आईला कळणार. एवढी भीती पोटात घेऊनही जो घराबाहेर पडला, त्याचा मुखवटा मला तरी भित्रेपणाचा वाटत नाही.

आणि 'घरात'? घरातच तर जागा नव्हती. मी बत्तीस वर्षं मराठी शिकवलं. नववीतला एक मुलगा, अक्षर मोत्यासारखं. चालण्याबोलण्यावरून वर्गानं त्याला काय काय नावं ठेवली ती इथे लिहिवत नाहीत. शाळेनं काय केलं? त्याच्या वडिलांना बोलावून "याला सुधारा" म्हणून सांगितलं. मी बोलायला गेले तर उत्तर मिळालं, "बाई, तुम्ही व्याकरणाचं बघा." वडिलांनी घरात नेऊन काय 'सुधारलं' ते मुलाच्या पाठीवर दिसत होतं. दहावीला तो आलाच नाही.

मृणालताई आणि अहिल्याताई महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा भावजी, तुमच्या मातोश्रीही होत्या त्या मोर्चात. लाटणं घरातच बरं, असं त्यांना कोणी म्हटलं असतं तर? आपण वरात काढतो ती काय दिवाणखान्यात? बँड लावून, अर्धा रस्ता अडवून, नाचत नाचत जातो.

त्यांना तर ती वरातही नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला. दोघं वीस-पंचवीस वर्षं एका घरात राहिले आणि एक मृत्युपत्र न करता गेला, तर वारस म्हणून पुढे येणार त्याचे भाऊ आणि पुतणे. बरोबर राहणाऱ्याला कायदा ओळखतच नाही. मग त्यांनी रस्त्यावर यायचं नाही तर कुठे जायचं, तेवढं सांगा.