कोऱ्या सूर्याची वही

चंद्रावरचा डाग आपण लहानपणापासून ऐकत आलो. डाग सूर्यावरही असतात, पण शाळेच्या पुस्तकात ते एका ओळीत उरकले जातात. आपल्या घरांत दोन्ही भाषा नांदतात म्हणून एक गंमत सांगतो. कन्नडमध्ये डागाला ‘कले’ म्हणतात आणि चित्र-संगीतातल्या कलेलाही ‘कले’च! सूर्याचे छायाचित्र घेणाऱ्याला हे दोन्ही अर्थ सांभाळावे लागतात.

या डागांची संख्या साधारण अकरा वर्षांच्या फेऱ्यात वाढते आणि घटते. 2019 च्या डिसेंबरात सूर्य अगदी शांत होता. त्या वर्षी 270 हून अधिक दिवस त्याच्यावर एकही डाग नव्हता. त्याच महिन्यात, 26 तारखेला सकाळी ग्रहण झाले. कासरगोडकडे कंकणाकृती दिसले, तर गोव्यात आणि बेळगावात खंडग्रास. त्या दिवशी जो तो कॅमेरा घेऊन गच्चीवर होता. दुसऱ्या दिवशी मात्र सूर्याकडे कोण बघणार?

माझा भाचा डिचोलीला असतो. ग्रहणासाठी घेतलेल्या फिल्टरने तो पुढेही रोज सकाळी एक फोटो काढत राहिला. महिन्याभराने त्याने विचारले, “मामा, रोज तीच कोरी थाळी. याचा उपयोग काय?”

प्रश्न रास्त होता. मी त्याला श्वाबेची गोष्ट सांगितली. जर्मनीतल्या देसाऊ गावचा हा औषधविक्रेता बुधाच्याही आत एखादा ग्रह आहे का, हे शोधायला निघाला. 1826 पासून ऊन असेल त्या दिवशी तो सूर्य पाहून डागांची नोंद करू लागला. ग्रह काही सापडला नाही. पण त्याच्या तक्त्यात ‘डाग नसलेले दिवस’ असा वेगळा रकाना होता. 1828 मध्ये असा एकही दिवस नव्हता, 1833 मध्ये 139 होते आणि 1843 मध्ये 149. डागांच्या चढउतारासोबत हा रकानाही दर दहाएक वर्षांनी भरतो, हे त्याच्या लक्षात आले. कोऱ्या दिवसांना त्याने कंटाळून वगळले असते, तर चक्र कळलेच नसते.

म्हणून वहीत एक पथ्य पाळावे. ‘डाग नाही’ आणि ‘सूर्य दिसला नाही’ या दोन वेगळ्या नोंदी आहेत. डिचोलीच्या पावसाळ्यात दुसरीच जास्त होईल, तरी ती लिहावी. शून्य आणि रिकामी जागा एक नव्हेत.

आता कामाचे. सौर फिल्टर नेहमी भिंगाच्या पुढच्या तोंडाला घट्ट बसवावा, डोळ्याच्या बाजूला नव्हे. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म असले प्रकार नकोत. ग्रहणाचा चष्मा लावून दुर्बिणीतून पाहणे तर आंधळेपणाला आमंत्रणच. लहान मुले असतील तेव्हा वडीलधारे माणूस शेजारी हवेच. गेलेली दृष्टी परत येत नाही.

डाग नसला की फोकस कशावर करायचा, ही अडचण येते. तेव्हा सूर्याची कड धरावी. ती रेखीव झाली की मधला भागही नीट येतो. फोटोत काळा ठिपका दिसला तर हुरळून जाऊ नये. दुर्बीण किंचित हलवावी. ठिपका सूर्याबरोबर सरकला तर डाग. चौकटीत जागच्या जागी राहिला तर कॅमेऱ्यातली धूळ. खनिजाच्या तांबड्या धुळीत वाढलेल्या डिचोलीकरांना हे वेगळे सांगायला नको! कोऱ्या दिवशीही थाळी मध्ये उजळ, कडेला मंद दिसते आणि कडेजवळ कधी पांढुरके पट्टे उमटतात. सूर्य शांत असतो, निर्जीव नसतो.

जागा निवडतानाही विचार करावा. उदयपूरची सौर वेधशाळा फत्तेसागर तलावातल्या बेटावर आहे, कारण पाण्यावरची हवा तापलेल्या जमिनीवरच्या हवेपेक्षा कमी थरथरते. डिचोलीकरांना मयेचे तळे जवळच आहे. तिथे सकाळी प्रयोग करून पाहावा.

कोडाईकनालच्या वेधशाळेत शंभराहून अधिक वर्षांची सूर्यचित्रे जपलेली आहेत. 2023 मध्ये निघालेल्या आदित्य-एल1 यानावरची सूर्याचे फोटो घेणारी ‘सूट’ दुर्बीण पुण्याच्या आयुकाने घडवली. एवढी साधने असता घरच्या कॅमेऱ्याची काय मातब्बरी, असे कोणी म्हणेल. पण मुलाला सलग बघण्याची आणि दिसले तेवढेच लिहिण्याची सवय यान लावत नाही.

सध्याच्या चक्राचे शिखर 2024 मध्ये होऊन गेले. सूर्य आता उतरणीला लागला आहे, आणि या दशकाच्या अखेरीस कोरे दिवस पुन्हा वाढतील अशी अपेक्षा आहे. वही आजच घातली, तर आपल्या घरातल्या मुलांना डाग ओसरतानाही पाहता येतील. पहिल्या पानावर तारीख, वेळ आणि डागांची संख्या एवढे तीन रकाने पुरेत. मराठीत लिहा की कन्नडमध्ये. शून्य दोन्हीकडे शून्यच.