शाहिराची बिदागी

1 मे जवळ आला की आपल्या समित्यांना शाहिराची आठवण होते. सभेच्या पत्रकावर अध्यक्षांचे नाव ठळक, त्याखाली वक्त्यांची, आणि तळाशी 'आरंभी शाहिरी कार्यक्रम' एवढीच ओळ. ज्याच्या डफावर माणसे जमायची, त्याच्या नावापुरती जागा कागदावर उरत नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना माणसे आणली ती शाहिरांनी. 1944 साली उभ्या राहिलेल्या लाल बावटा कलापथकातील अमर शेख व अण्णा भाऊ साठे हे दोघेही गिरणीत राबलेले. दोघेही 1969 साली, अवघ्या सहा आठवड्यांच्या अंतराने गेले. अण्णा भाऊंची उमेदीची वर्षे घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत सरली. 2002 साली त्यांचे टपाल तिकीट निघाले, 2022 साली मॉस्कोत पुतळा झाला. पुतळ्याला घरभाडे लागत नाही.

विठ्ठल उमप 1931 साली मुंबईच्या नायगावात जन्मले आणि लहानपणापासून गात राहिले. भीमगीते, भारूड, पोवाडा, कोळीगीत आणि द्रौपदीच्या मनातील कर्णाची ओढ सांगणारे 'जांभूळ आख्यान'. 26 नोव्हेंबर 2010 रोजी, वयाच्या 79व्या वर्षी, नागपूरच्या दीक्षाभूमीवर ते रंगमंचावरच कोसळले. अशा मरणाला भाग्याचे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. उमपांना गाण्याची असोशी होती, हे खरेच; परंतु गावोगावच्या कित्येक शाहिरांना सत्तरीतही ढोलकी खाली ठेवण्याची मुभा नसते. अन्य कोणत्या कामगाराच्या बाबतीत आपण याला भाग्य म्हणू?

राज्य शासनाने 2024 साली वृद्ध कलावंतांचे मानधन सरसकट दरमहा 5,000 रुपये केले. वाढ स्वागतार्ह आहे, पण तेवढ्यात मुंबईत खोलीचे भाडेही भागत नाही. शासनाला जाब विचारलाच पाहिजे. मात्र त्याआधी आपले हिशेब पाहावेत. प्रस्तुत लेखकाने स्वतः आयोजिलेल्या एका सभेत मंडपवाल्याला व ध्वनिक्षेपकवाल्याला आगाऊ रक्कम दिली गेली. शाहीर 'आपलाच माणूस' म्हणून त्याला शाल व नारळ मिळाला आणि त्याचे झीलकरी पदरमोड करून परतले. किमान वेतनावर त्या रात्री मी पाऊण तास बोललो होतो.

तेव्हा यंदा प्रत्येक शाखेने बिदागी आधी ठरवावी. ढोलकीवाला, तुणतुणेवाला, झीलकरी यांची रक्कम वेगळी धरावी, पत्रकावर सर्वांची नावे छापावीत आणि पैसे सभा संपण्यापूर्वी हातात द्यावेत. निधी अपुरा पडला तर एक वक्ता कमी करावा.